गावातल्या घरी डॅकसाठी डिजिटल केबल आणि कनेक्टर कसे निवडावेत

गेल्या काही वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांमध्ये बऱ्याच घरी भिंतीवर नवा टीव्ही आला आणि जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर कपाटावर तसाच राहिला. नव्या टीव्हीच्या पाठीमागे लाल-पांढरे आवाजाचे सॉकेट बहुधा नसतात. तेथे चौकोनी ऑप्टिकल तोंड असते किंवा नुसते एचडीएमआय असते. जुन्या ॲम्प्लिफायरला मात्र लाल-पांढऱ्या आरसीए सॉकेटमधून येणारा ॲनालॉग सिग्नलच लागतो. या दोहोंच्या मध्ये बसून आकड्यांच्या रूपातला आवाज पुन्हा विजेच्या लहरींत उतरवणारी लहानशी डबी म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर, अर्थात डॅक. ही डबी विकत घेणे सोपे आहे. घोळ होतो तो तिच्या आत जाणाऱ्या केबलपाशी.

आमच्या आणि शेजारच्या गावांतल्या काही घरी मी ही जोडणी करून दिली आहे. त्यावरून माझे मत पक्के झाले आहे ते असे, की डिजिटल केबलची किंमत वाढवून आवाज सुधारत नाही. केबल योग्य प्रकारची असावी, तिची टोके घट्ट आणि स्वच्छ असावीत, आणि दोन उपकरणांमधला विजेचा संबंध सुरक्षित असावा; जो काही पैसा आणि वेळ खर्च करायचा तो या तीन गोष्टींवर करावा.

खरेदीपूर्वी दोन्ही टोके पाहून घ्यावीत

दुकानात जाण्याआधी टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्सच्या पाठीमागचे आणि डॅकच्या पाठीमागचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावेत. तालुक्याच्या गावी किंवा नागपूरला सीताबर्डीत जाऊन चुकीची केबल घेऊन परत येणे म्हणजे एस.टी.चे भाडे आणि अख्खा दिवस वाया घालवणे होय. फोटोत प्रत्येक सॉकेटशेजारचा शब्द वाचता आला पाहिजे, कारण ‘इन’ आणि ‘आउट’ यांची सॉकेटे दिसायला अगदी सारखी असतात. टीव्हीकडे ‘आउट’ आणि डॅककडे ‘इन’ हवे.

चौकोनी, झडप असलेले आणि आत लालसर उजेड दिसणारे सॉकेट ऑप्टिकल असते, ज्याला टॉसलिंक असेही म्हणतात. तोशिबा कंपनीने ते 1983 साली आणले आणि त्या कंपनीच्या नावावरूनच हा शब्द घडला. एकच गोल आरसीए सॉकेट, बहुधा नारिंगी रंगाचे आणि ‘कोॲक्सिअल’ असे लिहिलेले, हे तांब्याच्या तारेवरचे डिजिटल सॉकेट होय. या दोन्हींमधून जाणारी भाषा एकच आहे. सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांच्या नावांवरून तिला एसपीडिफ म्हणतात. म्हणून ऑप्टिकल घ्यावे की कोॲक्सिअल हा प्रश्न आवाजाचा नसून आपल्या घराचा आहे.

एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. डीडी फ्री डिशच्या अनेक बॉक्सना पिवळा, लाल आणि पांढरा असे तीनच सॉकेट असतात. तुमच्या बॉक्सला तसे असतील आणि तुम्हाला त्याच बॉक्सवरून आकाशवाणी किंवा गाणी ऐकायची असतील, तर डॅकची गरजच नाही. लाल-पांढरी जोडी सरळ ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये लावावी आणि पैसे वाचवावेत.

डिजिटल केबल बिघडते म्हणजे नेमके काय होते

ॲनालॉग केबलमध्ये दोष असला की आवाजात घरघर मिसळते, एक बाजू बारीक होते किंवा तीव्र स्वर दबतात. डिजिटल केबलमधून आवाज जात नाही, आकडे जातात. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटांचा आणि असे दोन चॅनेल. एसपीडिफ त्यासोबत इतर माहितीही जोडते, त्यामुळे केबलवरून सेकंदाला सुमारे 28 लाख बिट धावतात. समोरच्या डॅकला प्रत्येक बिट शून्य आहे की एक, एवढेच ओळखायचे असते. तो ओळखता आला तर आकडा जसाच्या तसा पोहोचतो. ओळखता आला नाही तर ‘टक्’ असा आवाज येतो, गाणे क्षणभर तुटते किंवा पूर्ण शांतता पसरते. या केबलमुळे खंजिरीचा आवाज अधिक खणखणीत झाला किंवा गायकाचा गळा गोड झाला असे कोणी सांगत असेल, तर त्या सांगण्यावर एक रुपयाही खर्च करू नये. बिटांच्या वेळेत जो सूक्ष्म डळमळाट होतो, ज्याला जिटर म्हणतात, तो असतो हे खरे. परंतु डॅकमधले रिसीव्हर सर्किट तो बऱ्याच अंशी सावरून घेते, आणि एक-दीड मीटरच्या नीट केबलवर त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

ऑप्टिकल: गावातल्या घरासाठी माझी पहिली निवड

ऑप्टिकल केबलमध्ये सुमारे 1 मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा धागा असतो आणि त्यातून लाल उजेड चालू-बंद होत जातो. टीव्ही आणि डॅक यांच्यात धातूचा काहीही संबंध राहत नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे. आपल्याकडे डिशची केबल पत्र्यावरून किंवा कवेलूंवरून खाली येते, अर्थिंग अनेक घरांत नावापुरते असते आणि पावसाळ्याच्या तोंडाशी विजा कडाडतात. अशा घरात टीव्हीकडून येणारी घरघर किंवा विजेचा झटका या केबलवाटे स्टिरिओपर्यंत पोहोचू शकत नाही, कारण प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही. मेनच्या वायरीतून येणारा झटका मात्र ती अडवत नाही, हे ध्यानात ठेवावे.

निवडताना लांबी हवी तेवढीच घ्यावी. 5 मीटरपर्यंत साधारण कोणतीही बरी केबल चालते. त्यापुढे उजेड मंदावतो आणि आवाज तुटण्याची शक्यता वाढते. बाहेरचे आवरण थोडे जाड असलेली केबल घ्यावी, कारण सुतासारख्या बारीक केबलला उंदीर लवकर कुरतडतात आणि टाचेखाली आली की ती आतून दुमडते. तिला बांगडीपेक्षा लहान वळसा देऊ नये. दरवाजाच्या फटीतून नेऊ नये आणि भिंतीवर खिळ्याने ठोकू नये. प्लगवर सोन्याचा मुलामा असल्याचे लिहिले असेल तर त्यासाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही, कारण उजेडाला सोन्याचा काही उपयोग होत नाही. एक टोक चौकोनी आणि दुसरे हेडफोनच्या पिनेसारखे गोल अशी केबलही मिळते. ती काही जुन्या लॅपटॉपसाठी आहे, टीव्हीसाठी नाही.

दुकानातच केबल तपासता येते. दोन्ही टोकांवरची टोपणे काढून एक टोक मोबाइलच्या टॉर्चसमोर धरावे आणि दुसऱ्या टोकात पाहावे. तेथे स्वच्छ, गोल, उजळ ठिपका दिसला पाहिजे. ठिपका अंधुक किंवा अर्धा दिसला तर ती केबल परत करावी. घरी आल्यावर टीव्ही सुरू करून त्याच्या सॉकेटमधून येणारा लाल उजेड केबलच्या दुसऱ्या टोकातून पांढऱ्या कागदावर पाडून पाहावा. उजेड पडला म्हणजे टीव्ही आणि केबल दोन्ही ठीक आहेत. मग आवाज नसला तर दोष पुढे शोधावा. प्लगचा एक कडेचा भाग तिरपा कापलेला असतो, त्यामुळे तो एकाच बाजूने बसतो. बसताना हलकासा ‘खट्’ आवाज यावा. जोर लावावा लागत असेल तर प्लग उलटा आहे.

आता धुळीविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण शहरातल्या माणसाला हा त्रास ठाऊक नसतो. आमच्याकडे वेचलेला कापूस भाव येईपर्यंत घरातल्याच एखाद्या खोलीत भरून ठेवतात. एका घरी दिवाळीनंतर आवाज अधूनमधून तुटू लागला. केबल बदलली, डॅक बदलून पाहिला, तरी फरक पडेना. शेवटी टीव्हीच्या ऑप्टिकल सॉकेटमध्ये टॉर्च मारली तेव्हा आत कापसाच्या तंतूंचा बारीक गोळा दिसला. रबरी फुग्याने हवा मारून तो काढला आणि त्याच केबलवर आवाज पूर्ववत झाला. दुसऱ्या एका घरी न वापरलेल्या सॉकेटची झडप तुटलेली होती आणि कुंभारमाशीने तेथे मातीचे घर बांधले होते. म्हणून सोबत आलेली प्लॅस्टिकची टोपणे फेकू नयेत, आणि रिकाम्या सॉकेटला टोपण किंवा चिकटपट्टी लावून ठेवावी. तोंडाने फुंकर मारू नये. तिच्यासोबत ओलावा जातो.

कोॲक्सिअल: 75 ओहम म्हणजे काय, आणि डिशची उरलेली केबल

ऑप्टिकल सॉकेट नसेल किंवा केबल अशा जागेतून न्यायची असेल की जेथे ती दुमडेल, तेथे कोॲक्सिअल घ्यावी. तिच्यासाठी 75 ओहमची केबल लागते. हा आकडा मल्टिमीटरवर दिसत नाही. मीटर लावला तर मधली तार आणि बाहेरची जाळी यांच्यामध्ये काहीच जोडलेले नाही असेच तो दाखवेल, आणि ते बरोबरच आहे. तारेची जाडी, जाळीचे अंतर आणि मधल्या प्लॅस्टिकचा प्रकार यांवरून वेगाने बदलणाऱ्या सिग्नलला केबल जो विरोध दाखवते, तो हा आकडा होय. विहिरीच्या पाइपमध्ये मध्येच अरुंद तुकडा आला की पाणी जसे तेथे आदळते, तसा केबलचा आकडा बदलला की सिग्नलचा काही भाग परत फिरतो. सिग्नल अशा केबलमध्ये एका मीटरला सुमारे 5 नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक अब्जावा भाग) घेतो आणि सीडीच्या दर्जाच्या सिग्नलमधली सर्वांत लहान पायरी सुमारे 177 नॅनोसेकंदांची असते, म्हणून मीटरभर चुकीची केबलही बहुतेक वेळा चालून जाते. मात्र 192 किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 1,92,000 नमुने असलेल्या, सिग्नलमध्ये ती पायरी सुमारे 41 नॅनोसेकंदांवर येते. तेथे 5 मीटरच्या चुकीच्या केबलमधून परत फिरलेला सिग्नल पुढच्या पायरीत मिसळू शकतो. ‘माझ्याकडे साध्या वायरवर चालते’ आणि ‘माझ्याकडे चालत नाही’ ही दोन्ही म्हणणी कशी खरी असू शकतात, ते यावरून कळावे.

टीव्हीसोबत पूर्वी येणाऱ्या तीन रंगांच्या केबलमधली पिवळी तार चित्रासाठी, म्हणजे 75 ओहमसाठीच, असते. ती चांगल्या स्थितीत असेल तर आधी तीच लावून पाहावी. दुसरा मार्ग म्हणजे डिशच्या जोडणीतून उरलेली आरजी-6 केबल, जी 75 ओहमचीच आहे. आरजी-59 देखील चालते. आरजी-58 मात्र 50 ओहमची असल्यामुळे घेऊ नये, आणि ती दिसायला सारखीच असल्याने आवरणावर छापलेला क्रमांक वाचावा. छतावर उन्हापावसात राहिलेला तुकडा वापरू नये, कारण त्याच्या जाळीत पाणी शिरून ती काळी पडलेली असते.

आरजी-6चा दीड मीटरचा तुकडा घेऊन दोन्ही टोकांना डिशवाला लावतो तसे एफ-कनेक्टर लावून घ्यावेत आणि त्यांवर एफ-ते-आरसीए ॲडॉप्टर फिरवून बसवावेत. एफ-कनेक्टरमध्ये वेगळी पिन नसते, केबलची मधली तारच पिनेचे काम करते. म्हणून ती सरळ, स्वच्छ आणि कनेक्टरच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर पुढे आलेली असावी. जाळीचा एक केसही मधल्या तारेला लागता कामा नये. मग मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून तपासावे: मधल्यापासून मधल्यापर्यंत बीप यावी, जाळीपासून जाळीपर्यंत यावी, आणि मधल्यापासून जाळीपर्यंत मुळीच येऊ नये. ॲडॉप्टर लांब आणि जड असतील तर केबलच्या वजनाने डॅकचे सॉकेट सैल होते, म्हणून केबल मागे दोरीने बांधून तिचा भार काढावा. तयार केबल घेणार असाल तर ‘75 ओहम’ असे लिहिलेली, एक-दीड मीटरची, काही शे रुपयांची केबल पुरेशी आहे.

काही डॅकवर बीएनसी सॉकेट असते, जे फिरवून अडकवायचे असते. ते खऱ्या अर्थाने 75 ओहमचे बनवता येते आणि सैल होत नाही. तो पर्याय दोन्ही टोकांना असेल तर तोच घ्यावा. मात्र बीएनसी 50 ओहमचेही मिळते, म्हणून विचारून घ्यावे.

कोॲक्सिअलच्या टोकांचा विदर्भातला शत्रू म्हणजे कूलर. मार्चपासून जूनपर्यंत कूलरची दमट हवा ज्या भिंतीवर येते, नेमके त्याच भिंतीशी टीव्ही आणि स्टिरिओ ठेवलेले असतात, आणि पितळेच्या स्वस्त प्लगवर भांड्यावर चढावा तसा हिरवट कळंक चढतो. या एका कारणासाठी प्लगवरचा सोन्याचा पातळ मुलामा उपयोगाचा आहे, कारण सोने गंजत नाही. त्याने आवाज बदलत नाही, जोड टिकतो. उपकरणे कूलरच्या झोतापासून बाजूला घ्यावीत. वर्षातून दोनदा, उन्हाळा संपल्यावर आणि दिवाळीच्या साफसफाईत, सगळे बंद करून प्लग काढावेत आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ सुती कापडाने पुसावेत. रॉकेल वापरू नये. पॉलिश पेपरने घासल्यास मुलामा निघून जातो. बाहेरची कडी सैल झाली असेल तर तिच्या पाकळ्या पकडीने अगदी हलक्या हाताने आत दाबाव्यात.

यूएसबी आणि एचडीएमआय

मोबाइल किंवा लॅपटॉपवरून ऐकायचे असेल तर यूएसबी लागते. येथे फसगत एकाच ठिकाणी होते: बाजारात मिळणाऱ्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात आणि त्यांत माहिती नेणाऱ्या तारा नसतात. केबलने मोबाइल लॅपटॉपला जोडून पाहावा. फाइली दिसल्या तर ती केबल डॅकला चालेल. टोक कोणते हवे, जुने चौकोनी टाइप-बी, मायक्रो किंवा टाइप-सी, हे डॅकच्या फोटोवरून ठरवावे. मोबाइलसाठी ओटीजी ॲडॉप्टर, म्हणजे मोबाइलला यूएसबी उपकरण जोडू देणारा लहान जोड, लागू शकतो. लांबी दोन मीटरच्या आत ठेवावी. विंडोज 10 मध्ये 2017 पासून नव्या पद्धतीच्या यूएसबी डॅकसाठी सोय आहे. जुन्या विंडोज 7 च्या लॅपटॉपला कंपनीचा ड्रायव्हर आधी टाकावा लागतो, आणि तो नसल्यामुळे येणारी शांतता केबलच्या माथी मारू नये.

टीव्हीला ऑप्टिकल नसून फक्त एचडीएमआय असेल, तर ‘एआरसी’ (ARC, म्हणजे टीव्हीचा आवाज उलट दिशेने बाहेर पाठवण्याची सोय) असे लिहिलेल्या सॉकेटमधून आवाज बाहेर काढता येतो. परंतु त्यासाठी डॅकलाही एआरसीची सोय हवी. साधे एचडीएमआय सॉकेट आवाज बाहेर देत नाही. डॅक घेण्यापूर्वी हा एक शब्द पाहावाच. एक्सएलआर सॉकेटची 110 ओहमची केबल स्टुडिओच्या कामाची आहे, घरी तिची गरज पडत नाही.

वीज, अर्थिंग आणि जोडण्याचा क्रम

दोन पिनांच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या उपकरणाच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, हा अनुभव अनेकांना आहे. अर्थिंग नसलेल्या घरात दोन उपकरणांमध्ये असा फरक असताना चालू स्थितीत कोॲक्सिअल किंवा एचडीएमआय प्लग लावला, तर त्या क्षणी आतील नाजूक चिप जळू शकते. म्हणून दोन्ही उपकरणांचे प्लग बोर्डातून काढावेत, केबल जोडावी आणि मगच वीज द्यावी. टीव्ही, डॅक आणि ॲम्प्लिफायर यांना एकाच एक्स्टेन्शन बोर्डावरून, अर्थिंगची तिसरी पिन खरोखर जोडलेल्या सॉकेटमधून वीज द्यावी. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. त्यात मीठ-कोळसा असेल तरी अधूनमधून पाणी घालावे लागते. शंका असेल तर हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे.

स्पीकरमधून सतत घरघर येत असेल तर आधी टीव्हीच्या पाठीमागची डिशची केबल काढून पाहावी. घरघर थांबली तर ती त्या वाटेने येत आहे आणि ऑप्टिकल केबल हाच त्यावरचा सोपा उपाय आहे. थांबली नाही तर डॅक आणि ॲम्प्लिफायर यांच्यामधली लाल-पांढरी ॲनालॉग केबल पाहावी. ती जाळीची, आखूड आणि मेनच्या वायरपासून दूर असावी.

सगळे जोडून झाल्यावर ॲम्प्लिफायरचा आवाज पूर्ण कमी ठेवून वीज द्यावी. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ध्वनीच्या विभागात डिजिटल आउटपुट ‘ऑटो’ किंवा ‘डॉल्बी’ असेल तर ते ‘पीसीएम’ (PCM), म्हणजे साध्या नमुन्यांच्या आकड्यांचे, करावे. साध्या डॅकला डॉल्बीची भाषा कळत नाही, त्यामुळे काही चॅनेलवर आवाज येतो आणि काहींवर येत नाही. केबल चांगली असताना ती बदलायला निघालेली माणसे मी पाहिली आहेत, ती बहुधा याच कारणाने. ऑप्टिकल वाटेवर अनेक टीव्हींचा रिमोट आवाज कमी-जास्त करत नाही, हा बिघाड नव्हे. आवाज ॲम्प्लिफायरच्या बटणानेच ठेवायचा असतो.

मग ओळखीचे एखादे खंजिरी भजन किंवा बासरीचे संथ वादन लावावे, कारण मंद स्वरांत ‘टक्’ लगेच ऐकू येते. तासभर ऐकावे आणि त्या काळात घरातला कूलर, मिक्सर आणि पाण्याची मोटर एकेक करून सुरू-बंद करावी. मोटर सुरू होताना आवाज क्षणभर तुटला आणि केबल कोॲक्सिअल असेल, तर ती मेनच्या वायरीपासून हातभर दूर न्यावी, टोके पुन्हा घट्ट बसवावीत आणि मोटर परत सुरू करून पाहावी. तरीही तुटत असेल तर ऑप्टिकल लावावी. जून लागला आणि पश्चिमेकडे वीज चमकू लागली की बोर्डातले प्लग तर काढावेतच, पण टीव्हीच्या पाठीमागची डिशची केबलही फिरवून वेगळी करावी.